दहा आठवड्यांचा अभ्यासक्रम आणि रुळायला मिळणारे सात दिवस

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याच्या एका ताई सहकारी पतसंस्थेत व्यवस्थापक आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला दहा आठवड्यांच्या नेतृत्व अभ्यासक्रमासाठी त्यांची निवड झाली आहे. शुल्क, राहण्याची खोली आणि दुपारचं जेवण शिष्यवृत्तीत आहे, बाकी सगळं स्वतःचं. परदेशात पहिल्यांदाच जात आहेत. घरी पहिलीतला मुलगा, नवरा आणि सासूबाई. त्यांनी विचारलं आहे की थंडी किती, जेवणाचं काय, इंग्रजी कमी पडेल का, रुळायला किती दिवस लागतात, आणि शेवटी आठवडाभर फिरून परत आलं तर चालेल का.

ताई, थंडी, जेवण आणि इंग्रजी हे तिन्ही प्रश्न सुटणारे आहेत. अडचण वेळेची आहे. वर्षभरासाठी गेलेल्या विद्यार्थ्याचा पहिला महिना बँक, भांडी, बस आणि घरची आठवण यांत गेला तरी पुढे अकरा महिने उरतात. तुमच्याकडे कामाचे दिवस मोजून पन्नास. शिवाय अशा वर्गात कोण बोलतं, कोण गप्प बसतं, कोण फक्त टिपणं काढतं याची घडी दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बसते, आणि एकदा बसली की मोडायला फार जोर लागतो. म्हणून रुळण्यासाठी सात दिवस धरा आणि त्यातलं निम्मं काम गोव्यातच उरकून जा.

पुढचं सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे, ते आधी सांगतो. खोलीला जोडून स्वयंपाकघर आहे की नाही, पैसे खात्यात आधी येतात की बिलं दिल्यावर, तुम्हाला रोजचं औषध आहे का, हे विचारून घ्या. आयोजकांना एकच इमेल पाठवा आणि त्यात हे प्रश्न क्रमांक घालून लिहा. पसरट इमेलला पसरटच उत्तर येतं.

व्हिसा. सहा महिन्यांच्या आतला अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेत असेल तर ब्रिटनचा साधा पर्यटक व्हिसा, म्हणजे स्टँडर्ड व्हिजिटर, सहसा पुरतो. पण संस्थेच्या पत्रात वेगळा प्रकार लिहिला असेल तर पत्र खरं. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिने अर्ज करता येतो आणि साधारण तीन आठवडे लागतात. इथे गोव्याचं गणित मध्ये येतं ते चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं. चवथीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे पाच-सात दिवस रजेचं पत्र, बँकेचा शिक्का, चार्टर्ड अकाउंटंटची सही यांतलं काहीही वेळेवर हातात पडत नाही. कागद श्रावणातच गोळा करा: निवडीचं पत्र, शिष्यवृत्तीचं पत्र, संचालक मंडळाचा रजा मंजुरीचा ठराव, सहा महिन्यांची बँक विवरणं, पगाराच्या पावत्या. ठराव मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. जुने पोर्तुगीज दाखले जोडत असाल तर त्यांनाही हाच नियम.

सगळ्यात जास्त घोटाळा नावात होतो. प्रभुदेसाई एका ठिकाणी एक शब्द, दुसऱ्या ठिकाणी दोन; नाईकमध्ये कुठे एक आय, कुठे दोन; लग्नाआधीचं नाव पदवीवर आणि नंतरचं पासपोर्टवर. पासपोर्टवरचं स्पेलिंग प्रमाण धरा आणि निवडीचं पत्र, विमा, तिकीट, फॉरेक्स कार्ड सगळीकडे तेच येईल हे डोळ्यांनी तपासा. पदवीवरचं नाव वेगळं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा.

या व्हिसावर तिथे नोकरी करता येत नाही. पतसंस्थेचे इमेल अधूनमधून बघायला हरकत नसते, पण रोज संध्याकाळी गोव्यातलं ऑफिस चालवायचं असेल तर जाऊच नका, हे मी स्पष्ट सांगतो. सह्यांचे अधिकार जाण्याआधी लेखी ठरावाने दुसऱ्याकडे द्या. ‘फक्त मोठ्या कर्जाचं मला विचारा’ असं सांगून गेलेल्या व्यवस्थापकाला दिवसाला चार फोन येतात, आणि ते बरोबर चर्चासत्राच्या वेळी.

पैशांची बाजू सोपी आहे. दहा आठवड्यांसाठी तिथे बँक खातं उघडण्याच्या फंदात पडू नका. या व्हिसावर ते अवघडही जातं. पाउंड भरलेलं एक फॉरेक्स कार्ड आणि वेगळ्या बँकेचं एक क्रेडिट कार्ड, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली. आपल्याकडच्या कार्डावर परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं सुरुवातीला बंदच असतं. निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करा. दुकानातल्या यंत्राने ‘रुपयांत की पाउंडांत’ विचारलं तर नेहमी पाउंड. रुपये निवडले की दर दुकानाच्या बाजूचा लागतो, आणि तो महाग असतो. भारतीय सिमवर रोमिंग इथेच सुरू करून घ्या, नेट वापरू नका, पण सिम फोनमध्ये राहू द्या. बँकेचे ओटीपी त्यावरच येणार. तिथल्या वापरासाठी तीस दिवसांचं प्रीपेड सिम दहा पाउंडांच्या आसपास मिळतं.

रोख शंभर पाउंड पुरे. गोव्यात जवळपास प्रत्येक घरात कोणी ना कोणी तिकडे असतं आणि कपाटातून काढून नोटा देतं. त्या नीट बघा. वीस आणि पन्नास पाउंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, प्लास्टिकच्याच चालतात. जुनी गोल एक पाउंडाची नाणीही २०१७ मध्ये बाद झाली. मावशीने प्रेमाने दिलेल्या नोटा घेऊन बसमध्ये चढलात तर पहिल्याच दिवशी चालकाशी वाद.

औषधपाण्याबद्दल गैरसमज फार. ब्रिटनमध्ये उपचार फुकट हे तुम्हाला अर्धंच लागू आहे. सहा महिन्यांच्या आतल्या पाहुण्यांनी आरोग्य अधिभार भरलेला नसतो, त्यामुळे इंग्लंडमध्ये अपघात विभागातले तातडीचे उपचार आणि साध्या डॉक्टरची तपासणी मोफत असली तरी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर बिल येतं, आणि ते तिथल्या मूळ दराच्या दीडपट असतं. म्हणून विमा स्वस्तातला घेऊ नका. किमान एक लाख डॉलर संरक्षणाचा घ्या आणि आधीचे आजार त्यात मोडतात का ते वाचा. दात निघायच्या महिनाभर आधी दाखवून घ्या. तिथे दातदुखी सुरू झाली तर खिसा रिकामा होतो. चष्म्याची दुसरी जोडी न्या. रोजची औषधं तीन महिन्यांची, मूळ वेष्टनात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या आणि चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण कंपनीचं नाव तिथल्या फार्मसीत कोणाला कळत नाही. प्रतिजैविकं तिथे सहसा चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. पॅरासिटामॉल मात्र किराणा दुकानातही मिळतं. तातडीचं नसलेलं काही विचारायचं असेल तर १११, जिवावरचं असेल तर ९९९.

आता सामान. थंडीचे कपडे गोव्यातून विकत घेऊन बॅग भरू नका. इथे मिळणारा जाड स्वेटर तिथे निरुपयोगी ठरतो, कारण खोल्या गरम असतात आणि बाहेर वारा व पाऊस असतो. लागतात ते थर: आत अंगाला चिकटणारं थर्मल, त्यावर साधा सदरा किंवा कुर्ता, त्यावर पातळ लोकर आणि वर वारा-पाऊस अडवणारं टोपीचं जाकीट. थर्मलचे दोन जोड इथून न्या, जाकीट तिथल्या प्रायमार्क या स्वस्त कपड्यांच्या दुकानात किंवा धर्मादाय संस्थांच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात घ्या. पाण्यात न भिजणारे बूट मात्र इथून घेऊन पंधरा दिवस पायांत घालून सैल करून न्या. आपली पावसाळी छत्री तिथल्या वाऱ्यात दोन दिवसांत उलटी होते.

खाण्याच्या सामानात तिथे न मिळणारंच न्या. सोलां म्हणजे आमसुलं दोनशे ग्रॅम, तिरफळं पन्नास ग्रॅम, घरचा शागोती मसाला पाव किलो. एवढ्यात दहा आठवडे निघतात. डाळी, पीठ, पोहे, हळद, मोहरी ऑक्सफर्डच्या काउली रोडवरच्या आशियाई दुकानांत मिळतात. त्यांचं वजन वाहण्यात अर्थ नाही. मसाले आणि लोणचं मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीला अडतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर मोठ्या बॅगेतूनही काढायला लावतात, कारण खोबऱ्यातलं तेल पेट घेतं. मांस, तूप, पनीर, खव्याचे पेढे भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नाही. मासळीचे नियम तेवढे कडक नाहीत, पण सुकी सुंगटां, म्हणजे कोळंबी, न्यायची असतील तर वास बाहेर येणार नाही अशी दुहेरी बंद पिशवी हवी, नाहीतर दहा आठवड्यांच्या सगळ्या कपड्यांना बाजाराच्या दिवसाचा वास लागेल. खोबरेल तेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं, म्हणून अरुंद तोंडाच्या बाटलीत नेलंत तर बाटली कापायची वेळ येईल. रुंद तोंडाच्या बरणीत न्या.

भांडी नेऊ नका. बऱ्याच वसतिगृहांत इंडक्शनच्या शेगड्या असतात आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा टोप तापतच नाही. खोलीत राइस कुकर किंवा हीटर वापरायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, फक्त सॉकेट तीन चौकोनी पिनांचं. एक अडॅप्टर पुरतो.

प्रवासाचं तिकीट काढताना दोन गोष्टी बघा. मुंबईला जायचं विमान दाबोळीहून आहे की मोपाहून, हे तिकिटावरच्या संकेतात कळतं: दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. फोंड्याहून दोन्हींची दिशा वेगळी आणि मोपाचा रस्ता बराच लांब. गोवा ते मुंबई आणि मुंबई ते लंडन अशी वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर पहिलं विमान चुकल्यास दुसऱ्या कंपनीची जबाबदारी नसते. त्यातून मुंबईत टर्मिनल बदलावं लागलं तर दोन-अडीच तास सहज जातात. शंभर टक्के एकाच तिकिटावर जा, हजार-दोन हजार जास्त पडले तरी.

आणि रविवारी पोहोचू नका. इंग्लंडमध्ये मोठी दुकानं रविवारी फक्त सहा तास उघडी असतात. दुपारी विमानतळावर उतरून संध्याकाळी खोलीवर पोहोचलात तर ना चादर, ना दूध, ना ब्रेड. सोमवारी अभ्यासक्रम सुरू होत असेल तर आधीच्या गुरुवारी पोहोचा आणि खोली तेव्हापासून मिळते का हे आयोजकांना विचारा. हीथ्रोवर भारतीय पासपोर्टला स्वयंचलित फाटकं चालत नाहीत, अधिकाऱ्यासमोर रांग लावावी लागते. निवडीचं पत्र, राहण्याचा पत्ता आणि परतीचं तिकीट छापील स्वरूपात हातातल्या बॅगेत ठेवा, मोबाइलची बॅटरी संपलेली असते. हीथ्रोहून ऑक्सफर्डला थेट बस जाते, साधारण दीड तास.

त्या चार दिवसांचं काम असं लावा. गुरुवारी फक्त सिम, आंघोळ आणि स्थानिक वेळेप्रमाणे रात्री दहाला झोप. दुपारी झोपलात तर तीन दिवस त्याची फेड करावी लागते. शुक्रवारी वर्गाची इमारत, ग्रंथालयाचं कार्ड, धुलाई यंत्राचं ॲप आणि जवळचा दवाखाना पायी चालत जाऊन बघून या. पहिल्या सोमवारी पत्ता शोधत फिरणारा माणूस वर्गात शिरतो तेव्हाच दमलेला असतो. शनिवारी किराणा. रविवारी पहिल्या आठवड्याचं वाचन. नळाचं पाणी पिण्याचं असतं, बाटल्या विकत घेऊ नका. किटलीत पांढरा थर दिसेल, तो चुन्याचा, निरुपद्रवी आहे. बसचं साधं एकेरी भाडं तीन पाउंडांच्या वर जात नाही. पस्तीस पाउंडांचं रेल्वे सवलत कार्ड एक तृतीयांश भाडं वाचवतं, म्हणजे एकशे पाच पाउंडांहून जास्त प्रवास होणार असेल तरच घ्या. दहा आठवड्यांत बहुतेकांचा तेवढा होत नाही.

स्वयंपाकघरात खरी परीक्षा फोडणीची. तिथल्या सामायिक स्वयंपाकघरात सहसा उष्णतेवर वाजणारा गजर असतो आणि बाहेरच्या व्हरांड्यात धुरावर वाजणारा. धूर कोंडतो म्हणून आपण दार उघडं ठेवतो, मोहरी-मिरचीचा धूर व्हरांड्यात जातो, गजर वाजतो आणि रात्री नऊ वाजता साठ माणसं थंडीत रस्त्यावर उभी. दार बंद, खिडकी उघडी, वरचा पंखा तेल तापायच्या आधी चालू. इलेक्ट्रिक शेगडी बंद केली तरी तापलेलीच राहते, त्यामुळे मोहरी तडतडली की भांडं उचलून बाजूला ठेवायचं, नुसतं बटण फिरवून भागत नाही. मिरची पूड भांडं खाली उतरवल्यावर घाला.

नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय, जेवण जात नसेल तर सुपरमार्केटमध्ये बांगडा मिळतो, आपल्यापेक्षा तेलकट पण हुमणाला, म्हणजे नारळाच्या रसातल्या आमटीला, चालतो. मात्र पाकिटावर ‘धुरवलेला’ लिहिलेला बांगडा घेऊ नका, त्याचं हुमण कडू होतं. चारशे मिलीच्या नारळाच्या दुधाच्या डब्यात दोन वेळचं हुमण होतं: मसाला थोड्या पाण्यात उकळा, आठ-दहा तिरफळं ठेचून घाला, मग बांगड्याचे तुकडे, सोलां आणि शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर खळखळून उकळू नका, फुटतं. वास भाजण्या-तळण्याने पसरतो, हुमणाने तितका नाही. काटे मात्र पिशवीत बांधून त्याच रात्री बाहेरच्या पेटीत टाका. उकड्या तांदळाची सवय असेल तर केरळी मट्टा तांदूळ जवळचा पडतो.

रोज स्वयंपाक करू नका. आठवड्यातून दोनदा करून डब्यांत गोठवा. दुपारचं जेवण सगळ्यांबरोबर हॉलमध्ये घ्या, ते बेचव असलं तरी. अभ्यासक्रमाचा मोठा भाग त्या टेबलावर घडतो. डबा घेऊन खोलीत जाणाऱ्याला शेवटी शेवटी कळतं की गटाचे सगळे निर्णय जेवताना झाले.

आता वर्ग. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण प्रश्नात याला सगळ्यात कमी जागा मिळाली आहे.

इंग्रजी कमी पडेल का? निवड झाली म्हणजे भाषा पुरेशी आहे. अडतं ते वेगात. बारा-पंधरा जणांच्या चर्चेत दोन वक्त्यांमध्ये अर्ध्या सेकंदाची फट असते, आणि आपण ‘त्यांचं होऊ दे, मग बोलू’ म्हणत थांबतो. आपल्याकडे ज्येष्ठाने बोलल्याशिवाय तोंड उघडायचं नाही ही शिस्त; तिथे ते मौन ‘हिला काही म्हणायचं नाही’ असं वाचलं जातं. उपाय एकच, आणि तो यांत्रिक आहे: प्रत्येक सत्राच्या पहिल्या पंधरा मिनिटांत एकदा बोला. दोन वाक्यं पुरेत, एक सहमतीचं किंवा असहमतीचं आणि एक कारणाचं. ती आदल्या रात्री लिहून ठेवा. पहिल्यांदा बोलून झालं की पुढचं बोलणं आपसूक येतं; चाळीस मिनिटं गप्प बसल्यावर मात्र आपलं वाक्य फार मोलाचं असायला हवं असं वाटू लागतं आणि ते येतच नाही.

वाचन ढीगभर असतं. पहिली ओळ ते शेवटची ओळ वाचायची सवय सोडा. प्रस्तावना आणि निष्कर्ष नीट, मधलं चाळून, आणि प्रत्येक लेखासाठी तीन ओळी: लेखक काय म्हणतो, कुठे पटत नाही, माझ्या कामात हे कुठे दिसतं. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण ती वर्गात दुसऱ्या कोणाकडे नसते.

इथे गोव्यातून गेलेला माणूस हमखास चुकतो. बाकीचे समुद्रकिनारे आणि पर्यटनच ओळखतात म्हणून आपणही तेच सांगतो. त्यापेक्षा दोन उदाहरणं तयार करून जा. एक तुमच्या टेबलावरचं: संचालकाच्या नातेवाइकाचं थकीत कर्ज, वसुलीची नोटीस काढायची की नाही, सही कोणाची. नावं-गावं बदला, रक्कम ठेवा. दुसरं खाजन शेतीचं. खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन, बांधातली मानस, म्हणजे पाण्याची वाट, तिची भरती-ओहोटीप्रमाणे उघडमीट होणारी दारं, आणि त्या मानशीवरच्या मासेमारीचा दरवर्षी होणारा लिलाव. लिलाव घेणाऱ्याला जास्त मासळीसाठी खारं पाणी आत हवं असतं, शेतकऱ्याला ते नको असतं, आणि बांध फुटला की कूळ संघटना, कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) आणि सरकार एकमेकांकडे बघतात. कोणाकडेच पूर्ण अधिकार नाही अशा ठिकाणी नेतृत्व कसं होतं याचं इतकं नेमकं उदाहरण फार थोड्यांकडे असेल.

ते तीन मिनिटांत सांगायला शिका. जागा अर्ध्या मिनिटात, दोन बाजू एका मिनिटात, निर्णय कोणाच्या हाती होता आणि काय झालं ते एका मिनिटात, उरलेल्या वेळात वर्गाला एक प्रश्न. इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू केलात तर तिथेच वेळ संपतो. घरी नवऱ्यासमोर घड्याळ लावून तीन-चार वेळा म्हणा, आणि त्याला कंटाळा आला तिथे कात्री लावा.

नेतृत्व अभ्यासक्रमांत बहुधा आणखी तीन गोष्टी असतात. पहिली, वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालच्यांकडून तुमच्याबद्दल भरून घ्यायचा गोपनीय अर्ज. आठ-दहा जण लागतात आणि बरेचदा निघण्याआधीच भरून हवा असतो. गोड बोलणारेच निवडलेत तर अहवालात काही उरत नाही. तुमच्याशी वाद झालेला एक शाखाधिकारी आणि एक कारकून यादीत घाला. चवथीत कोणी भरणार नाही, हेही लक्षात ठेवा. दुसरी, ब्रिटिश व्यवस्थापनतज्ज्ञ रेग रेव्हन्स यांच्या पद्धतीची छोटी मंडळं. एकाने आपली खरी अडचण मांडायची आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. आपल्याला हे जड जातं, पाचव्या मिनिटाला ‘तुम्ही असं करा’ तोंडातून निघतंच. तिसरी, लंडनच्या चॅटहॅम हाउस या संस्थेचा नियम, १९२७ पासूनचा: ऐकलेलं वापरता येतं, पण कोण म्हणालं किंवा ते कोणत्या संस्थेचं हे उघड करायचं नाही. पाहुण्या वक्त्याचा फोटो आणि त्याचं वाक्य घरच्या व्हॉट्सॲप गटात टाकणं हाही या नियमाचा भंग. गटातून ते कुठे जाईल सांगता येत नाही.

गटकार्यात एक सापळा आहे. पहिल्या बैठकीत ‘टिपणं कोण काढेल?’ असं विचारलं की आपल्याकडच्या बायका भिडेखातर हो म्हणतात आणि पुढचे आठ आठवडे लिखाण त्यांच्याच गळ्यात. टिपणांची पाळी लावा आणि मांडणीचा एक भाग तुमच्या तोंडून होईल हे त्याच बैठकीत ठरवून घ्या.

घरच्यांशी बोलण्याचं वेळापत्रक निघण्याआधी ठरवा, कारण मध्येच घड्याळ बदलतं. तुम्ही पोहोचाल तेव्हा भारत साडेचार तास पुढे असेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेपाच तासांचा होतो. मुलाच्या रात्री आठ वाजता फोन ठरवला असेल तर तो आधी तुमच्या दुपारी साडेतीनला पडतो, नंतर अडीचला, म्हणजे ऐन वर्गात. सकाळचा मार्ग बरा. बदलानंतर तुमचे आठ म्हणजे गोव्यात दुपारचा दीड, मुलगा शाळेतून घरी आलेला. त्याआधीच्या आठवड्यांत साडेआठ-पावणेनऊला बोला. रोज दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी. पहिलीतल्या मुलाला आठवड्यातून एकदा तासभर बोलण्यापेक्षा हे मानवतं, आणि सासूबाईंनाही त्या वेळेभोवती घर लावता येतं.

घड्याळ बदललं की सूर्यास्त एका दिवसात पावणेसहावरून पावणेपाचवर येतो. डिसेंबरमध्ये चारच्या आत अंधार. बहुतेकांचं मन याच सुमारास, चौथ्या-पाचव्या आठवड्यात खचतं, आणि दिवाळीही साधारण तेव्हाच येते. हे येणार म्हणून आधीच तजवीज करा. दुपारी जेवणानंतर वीस मिनिटं बाहेर चाला, ढग असले तरी. ऑक्टोबर ते मार्च रोज दहा मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्या असा तिथल्या आरोग्य सेवेचाच सल्ला आहे. गोव्यात नरक चतुर्दशीला नरकासुराचा पुतळा जाळतात त्या पहाटे पाचला, घड्याळ बदललेलं असेल तर, तुमच्याकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे जागरण न करता व्हिडिओवर बघता येईल. ५ नोव्हेंबरला तिथेही पुतळा जाळून फटाके उडवतात, संसद उडवण्याच्या १६०५ च्या फसलेल्या कटाच्या आठवणीत. वर्गमित्रांना नरकासुर समजावून सांगायला यासारखी दुसरी सोय नाही.

स्विंडनला गोंयकारांची मोठी वस्ती आहे आणि ऑक्सफर्डहून तिथे थेट बस जाते. नातेवाईक दर शनिवारी बोलावतील. एकदा, फार तर दोनदा जा, आणि चौथ्या आठवड्यानंतर. पहिल्याच शनिवारी गेलात तर वर्गातली मंडळी एकत्र बाहेर पडतात ती संध्याकाळ हुकते, आणि तशी संध्याकाळ परत येत नाही.

शेवटचा प्रश्न, नंतर आठवडाभर फिरण्याचा. व्हिसाची मुदत, विमा आणि रजा तिन्ही त्या तारखेपर्यंत असतील तर हरकत नाही. वसतिगृहाची खोली मात्र शेवटच्या दिवशी सकाळी सोडावी लागते, तेव्हा पुढची सोय आधी करा. तुमचा अभ्यासक्रम डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपतो. आठवडाभर फिरून २० डिसेंबरच्या आत मुंबईत उतरा. २५ तारखेला ब्रिटनमध्ये रेल्वे बंद असते, बसही जवळजवळ नसतात, त्यामुळे त्या दिवशीचं विमान गाठायला महागडी टॅक्सी करावी लागते. आणि नाताळच्या आठवड्यात मुंबई-गोवा विमानाचं भाडं किती चढतं हे तुम्हाला मी सांगायला नको. अगदीच त्या आठवड्यात यावं लागलं तर मुंबईहून कोकण रेल्वेचं तिकीट साठ दिवस आधी, आरक्षण उघडतं त्याच सकाळी काढून ठेवायला घरी सांगा.